मैदान सार्वजनिक, मग खेळ मूठभरांचाच का?



आमच्या काउंटीच्या पार्क खात्याने सार्वजनिक गोल्फ कोर्सच्या 'आधुनिकीकरणा'चा आराखडा मांडला आहे आणि त्यावर लवकरच जाहीर सुनावणी होणार आहे. आज तिथे १८ होलचा एक मोठा कोर्स आहे आणि शेजारी ९ होलचा छोटा 'पार-३' कोर्स. आराखड्यानुसार छोटा कोर्स बंद होईल. त्या जागी समारंभांसाठी हॉल, रेस्टॉरंट आणि पार्किंग येईल. मोठा कोर्स ७,२०० यार्डांपर्यंत लांबवला जाईल. देखभालीचा खर्च वाचवण्यासाठी सर्वात पुढच्या टी काढून टाकल्या जातील. आणि वार्षिक पास घेणाऱ्यांना शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा आधी निवडता येतील.

या आराखड्याला पाठिंबा द्या असं सांगणारी एक ईमेल आपल्या मराठी मंडळींतही फिरते आहे. कोर्सचा दर्जा वाढेल, मोठ्या स्पर्धा येतील, आसपासच्या घरांच्या किमती चढतील, असा तिचा सूर आहे. आणि ज्यांना धड फटका मारता येत नाही अशांसाठी एवढी मोक्याची जागा किती दिवस अडवून ठेवायची, असा सवालही त्यात आहे. या सवालाला उत्तर द्यायलाच हवं. प्रश्न एका काउंटीच्या गवताचा असला, तरी त्यामागचा विचार आपल्या ओळखीचा आहे आणि तो गोल्फपुरता थांबत नाही.

आपल्यापैकी बरेच जण म्हणतील की पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी गोल्फवर कशाला वेळ घालवायचा? तो श्रीमंतांचा खेळ. पण थोडं थांबा. अमेरिकेतल्या सुमारे तीन चतुर्थांश गोल्फ कोर्सवर कोणीही पैसे भरून खेळू शकतं आणि त्यातले कित्येक शहरांच्या, काउंट्यांच्या, राज्यांच्या मालकीचे आहेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला व्हॅन कोर्टलँड पार्कचा कोर्स १८९५ मध्ये सुरू झाला, तो या देशातला पहिला सार्वजनिक कोर्स. म्हणजे वाचनालय, पोहण्याचा तलाव, बाग यांच्याच रांगेत सार्वजनिक गोल्फ कोर्स बसतो. ती जमीन आपल्या सगळ्यांची आहे. खेळ श्रीमंतांचा वाटतो म्हणून आपण पाठ फिरवली, तर तो खरोखरच त्यांचा होऊन बसेल.

छोट्या कोर्सवर कोण असतं?

पार-३ कोर्स म्हणजे ज्याचा प्रत्येक होल एका फटक्यात ग्रीनपर्यंत पोचण्याजोगा असतो. आमच्याकडचे होल ७० ते १४० यार्डांचे आहेत. तीन-चार काठ्या पुरतात, दीड तासात खेळ संपतो, पैसे कमी लागतात. कामाच्या दिवशी सकाळी तिथे गेलात तर निवृत्त शिक्षक आणि पोस्टमन दिसतील, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलेल्या आजी दिसतील, रात्रपाळी संपवून आलेल्या नर्स दिसतील. शाळा सुटल्यावर मुलं येतात. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबाही आता तिथे दिसू लागले आहेत. मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर घरात टीव्हीसमोर बसून राहण्यापेक्षा हे बरं. गाडी चालवता येत नाही, कुणी ओळखीचं नाही, अशा वेळी एखादा शेजारी त्यांना सोबत नेतो, आणि तिथे दोन माणसं भेटतात. या लोकांना ७,२०० यार्डांचा कोर्स म्हणजे बंद दरवाजाच आहे.

पाठिंब्याच्या ईमेलमध्ये बेथपेजचं उदाहरण दिलं आहे, ते मुळातून पाहू. लाँग आयलंडवरच्या बेथपेज स्टेट पार्कमधला ब्लॅक कोर्स हा अमेरिकेतला बहुधा सर्वात प्रसिद्ध सरकारी कोर्स. तो १९३६ मध्ये खुला झाला, मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी ज्या सरकारी योजना निघाल्या त्यांतून. २००२ आणि २००९ मध्ये तिथे यू. एस. ओपन झाली, २०१९ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप आणि २०२५ मध्ये रायडर कप. पहिल्या टीपाशी एक पाटी आहे. हा कोर्स अत्यंत अवघड आहे, अतिकुशल खेळाडूंनीच खेळावा अशी आमची शिफारस आहे, असं ती सांगते. आमच्या आराखड्याच्या समर्थकांना ही पाटी फार आवडते.

पण बेथपेजला कोर्स एक नाही, पाच आहेत! ग्रीन, ब्लू, रेड, ब्लॅक हे चार तिसाच्या दशकात तयार होते, पाचवा यलो १९५८ मध्ये आला. ब्लॅकची पाटी वाचून जो मागे फिरतो त्याला त्याच पार्कात, त्याच पार्किंगमधून चालत जाऊन, दुसरीकडे खेळता येतं. इतर चार दारं उघडी आहेत म्हणून पाचव्या दारावर अशी पाटी लावण्याचा सरकारला नैतिक अधिकार पोचतो. आमच्या काउंटीला चार दारं काढून टाकायची आहेत आणि पाटी तेवढी ठेवायची आहे.

मोजमाप काय सांगतं

माझा पेशा मोजमापाचा आहे, म्हणून थोडं गणित मांडतो. ज्यांना गोल्फ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी एवढंच: प्रत्येक होलची सुरुवात जिथून होते त्या सपाट जागेला टी म्हणतात. एकाच होलवर चार-पाच टी वेगवेगळ्या अंतरांवर असतात, वेगवेगळ्या रंगांच्या. आपल्या ताकदीप्रमाणे टी निवडायची आणि तिथून ग्रीनवरच्या भोकापर्यंत चेंडू न्यायचा.

अमेरिकन गोल्फची नियामक संस्था यू.एस.जी.ए. हिच्या पद्धतीत कोर्सला दोन वेगळ्या माणसांच्या नजरेतून मोजतात. एक 'स्क्रॅच' खेळाडू, म्हणजे अगदी तरबेज. दुसरा 'बोगी' खेळाडू, म्हणजे साधारण वीसेक फटके जास्त घेणारा सामान्य माणूस. तरबेजाला किती फटके लागतील आणि सामान्याला किती लागतील, या दोन आकड्यांमधल्या फरकावरून 'स्लोप' नावाचा आकडा काढतात. तो ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो. प्रमाण म्हणून ११३ धरतात. स्लोप जितका जास्त, तितका तो कोर्स तरबेजाच्या मानाने सामान्याला जास्त छळतो.

यात एक फार महत्त्वाची कबुली दडलेली आहे. अडथळा एकच असला तरी तो सगळ्यांना सारखा अडवत नाही. १८० यार्डांवरचं तळं २५० यार्ड मारणाऱ्याला दिसतसुद्धा नाही. १५० यार्ड मारणाऱ्याचा तिथे दर वेळी चेंडू बुडतो. एकच मैदान सगळ्यांना दिलं म्हणजे समानता झाली, हे गोल्फच्या नियामकांनासुद्धा मान्य नाही. त्यांनी विषमता मोजण्याचा आकडाच तयार केला आहे.

उदाहरण घ्या. सुरेशचा हँडिकॅप इंडेक्स ६ आणि मीनाक्षीचा २२ धरा. दोघं ज्या टीवरून खेळतात तिथला स्लोप दोघांसाठी १३०, कोर्स रेटिंग ७१.८ आणि पार ७२ असं समजू. इंडेक्सला १३० ने गुणून ११३ ने भागायचं आणि त्यात रेटिंग वजा पार मिळवायचं. सुरेशला ७ फटक्यांची सूट मिळते, मीनाक्षीला २५ ची. इंडेक्समधला फरक १६ होता. कोर्स अवघड असल्यामुळे तो १८ झाला. आता सुरेशला ८० फटके लागले आणि मीनाक्षीला ९७, तर त्याचे निव्वळ ७३ आणि तिचे ७२. मीनाक्षी जिंकली. सुरेश हात मिळवतो आणि कॉफी पाजतो. आपल्यावर अन्याय झाला असं त्याला वाटत नाही.

आता टीकडे वळू. आपल्या मंडळींत पुढच्या लाल टीला अजून 'लेडीज टी' म्हणतात. एखाद्या पुरुषाचा पहिला फटका त्या टीपर्यंतही पोचला नाही, तर त्यावरून होणारे विनोद सगळ्यांनी ऐकले आहेत. यू.एस.जी.ए. कोर्स मोजताना सामान्य पुरुषाचा पहिला फटका २०० यार्डांचा धरते आणि सामान्य स्त्रीचा १५० यार्डांचा. लाल टीवरून कोर्स ५,५०० यार्डांचा असेल तर त्या स्त्रीसाठी तो किती लांब झाला? ५,५०० ला २०० ने गुणा आणि १५० ने भागा. उत्तर ७,३३३. म्हणजे लाल टीवर उभी असलेली सामान्य स्त्री तिच्या ताकदीच्या मानाने जवळजवळ बेथपेज ब्लॅकच्या मागच्या टीवरून खेळत असते! विनोद करणारे पुरुष स्वतः ६,३०० यार्डांवरून खेळतात. सवलत नक्की कोणाला मिळते आहे? त्या स्त्रीला पुरुषाच्या ६,३०० इतकाच कोर्स हवा असेल तर तो ४,७२५ यार्डांचा लागेल. इतक्या पुढे टी आमच्या कोर्सवर आजही नाही. आणि आराखडा आहे त्या पुढच्या टीसुद्धा काढायला निघाला आहे.

हे सगळं नियामकांना ठाऊक नाही असं नाही. २०११ मध्ये यू.एस.जी.ए. आणि पीजीए ऑफ अमेरिका यांनी मिळून लोकांना पुढच्या टीवरून खेळा असं सांगणारी मोहीम काढली. २०२० मध्ये जगभरासाठी एकच हँडिकॅप पद्धत आली, तेव्हा इंडेक्सची कमाल मर्यादा सगळ्यांसाठी ५४ केली गेली. त्याआधी अमेरिकेत ती पुरुषांना ३६.४ आणि स्त्रियांना ४०.४ होती. म्हणजे नवशिक्यांना अधिकृतपणे आत घेतलं गेलं. खेळाची मोठी माणसं दार रुंद करत असताना आमचं पार्क खातं ते अरुंद का करतं आहे?

दर्जा घसरतो का?

दर्जाच्या नावाने ओरड करणाऱ्यांनी टायगर वुड्स कुठे शिकला हे पाहावं. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमधला हार्टवेल हा छोटा सार्वजनिक पार-३ कोर्स. तिथले प्रशिक्षक रूडी ड्युरान यांनी चार-पाच वर्षांच्या टायगरसाठी प्रत्येक होलचा वेगळा पार ठरवून दिला होता. त्या वयात त्याचा चेंडू जिथपर्यंत जाऊ शकतो त्या हिशेबाने. मोठ्यांचा पार त्याच्यावर लादला असता तर दर वेळी तो हरलाच असता. स्वतःचा पार मिळाल्यामुळे त्याला जिंकणं म्हणजे काय ते कळलं. ली ट्रेव्हिनो डॅलसमध्ये अशाच एका छोट्या पार-३ कोर्सवर काम करत करत घडला आणि पुढे सहा मेजर स्पर्धा जिंकला. उत्तम खेळाडू छोट्या कोर्सवर तयार होतात. छोटा कोर्स बंद करणं म्हणजे बालवाडी बंद करून पीएच.डी.चा दर्जा वाढवायला निघण्यासारखं आहे.

नवशिके खेळ रेंगाळवतात, ही आणखी एक तक्रार. रेंगाळतो खरा. पण ज्याला दोन फटक्यांत ग्रीन गाठता यायला हवं त्याला चार फटके लागतील इतक्या मागे उभं केलं, तर तो रेंगाळणारच. त्याला पुढच्या टीवर उभं करा, नाहीतर छोट्या कोर्सवर जाऊ द्या. आराखडा या दोन्ही वाटा बंद करतो आणि मग मोठ्या कोर्सवर गर्दी होईल तेव्हा पुन्हा नवशिक्यांनाच दोष देईल.

जमीन आणि पाण्याचा मुद्दा मला स्वतःला जवळचा आहे. १८ होलच्या कोर्सला शंभर-दीडशे एकर सहज लागतात, त्यावर पाणी, खत, कीटकनाशकं. हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग कात्री कुठे लावायची? ९ होलचा पार-३ कोर्स त्याच्या लहानशा तुकड्यात बसतो आणि दर एकरी जास्त माणसांना खेळवतो. लांबवायचा आहे तो मोठा कोर्स. पर्यावरणाची काळजी असेल तर मोठा कोर्स आखडता घ्या आणि छोटा राखा. आराखडा नेमकं उलटं करतो.

छोटा कोर्स तोट्यात आहे असंही सांगतात. असेल. वाचनालयातला लहान मुलांचा विभागही नफा कमावत नाही. सार्वजनिक गोष्टींचा हिशेब नफ्याने करायचा असेल तर पार्क खातं कशाला हवं?

अपंगांचा हक्क

अपंग खेळाडूंबाबत निदान कायद्याचा आधार आहे. १९९० चा अपंगत्व कायदा आणि त्याखालचे २०१० चे बांधकाम-नियम यांत गोल्फ कोर्सचा स्पष्ट उल्लेख आहे. नव्याने बांधलेल्या किंवा बदललेल्या कोर्सवर एका होलला तीन किंवा जास्त टी असतील तर किमान दोन टीपर्यंत चाकाच्या साधनाने जाता आलं पाहिजे आणि त्यांत सर्वात पुढची टी आलीच पाहिजे. नियम करणाऱ्यांनी पुढच्या टीचं नाव मुद्दाम घेतलं, कारण कोणाला ती लागते हे त्यांना माहीत होतं. पुढच्या टी काढून उरलेल्यांतल्या पहिलीला 'सर्वात पुढची' म्हणून नियमाचं अक्षर पाळता येईल. नियमाचा हेतू मात्र मातीत जाईल.

केसी मार्टिनचा खटला अनेकांना आठवत असेल. उजव्या पायातल्या जन्मजात रक्ताभिसरणाच्या विकारामुळे त्याला लांब चालणं धोक्याचं होतं. स्पर्धेत कार्ट वापरू द्या एवढीच त्याची मागणी. पीजीए टूर म्हणाली, चालणं हा खेळाचा गाभा आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला: गोल्फचा गाभा फटके मारण्यात आहे, चालण्यात नाही. यापुढे जाऊन २०२२ पासून यू.एस.जी.ए. स्वतः अपंग खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा भरवते. पहिली पाइनहर्स्टला झाली. ऑटिझम असलेला सायमन ली आणि कृत्रिम पाय लावून खेळणारी किम मूर हे तिचे पहिले विजेते. वेगवेगळ्या प्रकारच्या अपंगत्वाचे खेळाडू तिथे वेगवेगळ्या टीवरून खेळतात, आणि तरीही ती खरीखुरी स्पर्धा असते.

आमच्या आराखड्यात उभं राहून फटका मारायला आधार देणारी एकट्याची कार्ट एकही नाही. लग्नाच्या हॉलसाठी झुंबराची मात्र तरतूद आहे.

आधी दार, मग टी

वार्षिक पासवाल्यांना आधी वेळ देण्याची कल्पना निरुपद्रवी वाटते. तिचा पूर्वेतिहास वाचला तर तशी वाटणार नाही. नॉर्थ कॅरोलायनामधल्या ग्रीन्सबरो शहराचा गिलेस्पी पार्क कोर्स सार्वजनिक पैशांतून झालेला. काळ्या लोकांना आत घ्यावं लागू नये म्हणून शहराने तो एका खासगी क्लबला नाममात्र भाड्याने दिला. गोरा माणूस आला की थोडे पैसे घेऊन आत सोडायचा, काळा आला की 'हा क्लब सभासदांसाठी आहे'! ७ डिसेंबर १९५५ ला डॉ. जॉर्ज सिमकिन्स हे दंतवैद्य आणि त्यांचे पाच सोबती प्रत्येकी ७५ सेंट काउंटरवर ठेवून खेळायला गेले. त्यांना अटक झाली, अतिक्रमणाबद्दल शिक्षा झाली. जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, अटलांटाच्या सार्वजनिक कोर्सवरची वर्णबंदी सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली होती. तरीही ग्रीन्सबरोने कोर्स सगळ्यांना खुला करण्यापेक्षा काही वर्षं बंद ठेवणं पसंत केलं. तो १९६२ मध्ये उघडला. पीजीए ऑफ अमेरिकेच्या घटनेतली 'फक्त गोऱ्यांसाठी' ही अट १९६१ पर्यंत टिकून होती.

आपल्याला हा इतिहास परका वाटायचं कारण नाही. पळवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी लाटायचे आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकायचे. बॅट हातात मिळायची नाही. हिंदू संघात घेतल्यावरही चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. त्यांची गुणवत्ता जगाला दिसली, कारण योगायोगाने त्यांची नोकरी नेटशेजारी होती. ज्यांची नोकरी नेटशेजारी नव्हती अशा किती बाळूंची आपण कधी मोजदादच केली नाही? त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कप्तान झाले, तेही भांडल्यावर.

म्हणून सार्वजनिक मैदानाची दोन कर्तव्यं आहेत. आधी दार सगळ्यांना उघडं ठेवायचं. मग आत आलेल्या प्रत्येकाला त्याच्या ताकदीला साजेशी सुरुवातीची जागा द्यायची. एक करून दुसरं टाळता येत नाही. दार उघडलं आणि टी एकच ठेवली, तर लोक एकदा येऊन अपमानित होऊन परत जातात. आणि मग आपणच म्हणतो, बघा, यांना आवडच नाही!

आता आपल्याबद्दल

हा भाग काही मित्रांना आवडणार नाही. आपल्या शनिवारच्या गोल्फच्या चौकडीत हँडिकॅप सगळ्यांना मान्य असतो. कमी ताकदीच्या गड्याला १८ फटके दिल्याने 'मेरिट' मेलं असं कोणी म्हणत नाही. उलट सामना रंगतो म्हणून आपण खूष असतो. खेळ संपवून तीच चौकडी जेवायला बसते आणि विषय आरक्षणावर जातो. मग तिथे सूर बदलतो. सगळ्यांना एकच परीक्षा, एकच रेषा, ज्याला जमेल तो पुढे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याला मनाई केली, तेव्हा आपल्यातल्या काही घरांत झालेला आनंद मी पाहिला आहे. सकाळी पांढऱ्या टीवरून खेळलेला माणूस दुपारी सगळ्यांना काळ्या टीवर उभं करू पाहतो, याची त्याला गंमत वाटत नाही?

यावर एक उत्तर मिळतं आणि ते टाळून चालणार नाही. हँडिकॅप एकेका माणसाचा मोजतात, आरक्षण समूहाला देतात. मग तुलना कशी होईल? फरक आहे, मान्य. हँडिकॅपचं सूत्र जसंच्या तसं समाजाला लावा असं मी म्हणतही नाही. पण ग्रीन्सबरोत डॉ. सिमकिन्सना मैदानावरून जायला सांगताना त्यांचा हँडिकॅप किती असं कोणी विचारलं नव्हतं. बाळूंना मातीचा कप देताना त्यांची गोलंदाजीची सरासरी कोणी पाहिली नव्हती. बंदी समूह पाहून घातली होती. मग भरपाईच्या वेळीच समूह न पाहण्याचा आग्रह का? शिवाय आपण स्वतः कुठून फटका मारला तेही आठवू या. इंग्रजी येणारे आई-वडील, घरात पुस्तकं, नाममात्र फीच्या सरकारी कॉलेजातून पदवी, मग विमानाचं तिकीट. ती पुढची टी होती. ती मिळाली यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र ती मिळाली हे विसरून दुसऱ्यांच्या टी उखडायला निघणं, हे लाजिरवाणं आहे.

मागण्या

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. त्यात मांडता येतील अशा मागण्या या:

१. ९ होलचा पार-३ कोर्स आहे तिथेच राहावा. हॉलसाठी दुसरी जागा शोधावी.

२. मोठ्या कोर्सवर प्रत्येक होलला किमान पाच टी असाव्यात आणि सर्वात पुढच्या टीवरून एकूण अंतर ४,७०० यार्डांच्या आत असावं. टीला 'लेडीज', 'सीनियर' अशी नावं नकोत. कोणाचा पहिला फटका किती जातो त्यावरून कोणती टी घ्यावी, हे पाटीवर लिहावं. सगळ्या टींचं रेटिंग आणि स्लोप स्त्री आणि पुरुष दोघांसाठी मोजून जाहीर करावं.

३. अपंग खेळाडूंसाठी एकट्याच्या किमान दोन कार्ट ठेवाव्यात आणि पुढच्या टीपर्यंत वाट असावी.

४. वेळ देण्यात पासवाल्यांना अग्रक्रम नको. काउंटीत राहणारे सगळे सारखे.

यातली एकही मागणी चांगल्या खेळाडूंकडून काही हिरावून घेत नाही. मागची टी जिथे आहे तिथेच राहील. ज्याला ७,००० यार्ड खेळायचे आहेत त्याने खुशाल खेळावेत.

पाठिंब्याच्या पत्रावर मराठी नावं बरीच आहेत असं कळतं. विरोधाच्या बाजूनेही ती दिसायला हवीत. ज्यांना गोल्फची काठी कशी धरतात हेही माहीत नाही त्यांनी तर जरूर यावं, कारण ती जमीन त्यांचीही आहे. आई-बाबा इथे आले असतील तर त्यांनाही घेऊन या. मत देण्याचा अधिकार नसला तरी सुनावणीत बसायला कोणी अडवत नाही. आणि ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही त्यांनी मुद्द्याला धरून सविस्तर लिहावं. वर दिलेल्या गणितापासून सुरुवात केलीत तर फारच उत्तम.